गिराण आणि दुर्बीण



ग्रहण हा पुस्तकातला शब्द. आपल्या घरातला शब्द गिराण. माझी आजी अजून गिराणच म्हणते. तिचं वय ऐंशीच्या पुढं. ती लहान होती तेव्हाचं सांगते :

"गिराण लागलं की आमची माय पाटी घ्यायची अन् निघायची. आम्ही लेकरं तिच्या मागं. ह्या गल्लीतून त्या गल्लीत. 'दे दान, सुटे गिराण' वरडायचं. कुणी पसाभर जवारी टाकायचं, कुणी फाटकं लुगडं. दुरूनच टाकायचे. शिवायचं नाही ना. पर त्या दिवशी द्यावं लागायचंच. सूर्यानं म्हणे मांगा-महाराचं कर्ज काढलंय. ते फेडीना, म्हणून आपल्यातलाच कुणी वर त्याला धरून बसलाय. आपण दान घेतलं की तो सोडतो."

मी विचारलं, "आजी, कर्ज दिलेलं आपण. मग सावकार आपण झालो. अन् पाटी घेऊन दारोदार पण आपणच?"

आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ते तवा कुणाला सुचलंच नाही रं लेकरा."

जगाच्या पाठीवर भीक मागणारा सावकार एकच. तो आपला आजा.

हा लेख एका शास्त्रज्ञाविषयी आहे. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या. पुण्याच्या. नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. जन्म १८५७, मृत्यू १९३८. आपल्या चळवळीशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते पारशी, शिकलेले, सरकारी नोकरीतले. तरीही मी त्यांच्याविषयी लिहितोय. का, ते वाचत गेलात की कळेल. आजीच्या गिराणापासून सुरुवात केली ती उगाच नाही.

०

आधी एक माझी गोष्ट. २५ ऑक्टोबर २०२२. दिवाळीतला मंगळवार. मी गिरणीत दुसऱ्या पाळीला, रिंगखात्यात. पश्चिमेच्या भिंतीचा पत्रा जुना, खिळ्याच्या जागी भोकं पडलेली. सांगून सांगून थकलो, पत्रा काही बदलत नाहीत. पाच वाजून गेले. ऊन तिरपं होऊन त्या भोकांतून आत आलं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे गोल पडले. रोजच पडतात. त्या दिवशी गोल गोल नव्हते. प्रत्येकाचा एक घास कुणीतरी तोडून घेतला होता. भाकरीचा तुकडा मोडावा तसा. एक नाही, दोन नाही, दहा-बारा भाकऱ्या भिंतीवर, सगळ्या एकाच बाजूनं मोडलेल्या.

जॉबर म्हणाला, गिराण लागलंय, बघू नका.

पण बघायचं काय राहिलं होतं? सूर्यच आत आला होता. नंतर पुस्तकात वाचलं की बारीक भोकातून पडणारा उजेडाचा गोल म्हणजे भोकाचा आकार नसतो, ते सूर्याचं चित्र असतं. भोकापासून भिंत जितकी लांब, त्याला साधारण एकशेसातनं भागा, तेवढा तो गोल. आमचं खातं चाळीस फूट रुंद. गोल साडेचार इंच. मी पट्टी लावून मोजला. बरोबर आला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आकाशातली गोष्ट आपल्यालाही मोजता येते. पट्टी दीड फुटाची असली तरी चालते. मग वाचत गेलो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात, वाचनालयात, मोबाइलवर, मिळेल तिथं. त्या वाचण्यात नायगमवाला भेटले.

०

आता हे बघा. ग्रहण कशानं लागतं हे ह्या देशात कुणालाच ठाऊक नव्हतं, असं नाही. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये लिहून ठेवलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. सावलीचा खेळ. राहू नाही नि केतू नाही. पंचांग करणाऱ्याला ग्रहणाची वेळ गणितानं काढता येत होती, आधीच छापता येत होती. राक्षस कधी भूक लागेल ते घड्याळ लावून सांगतो का? वेळ गणितानं काढायची आणि गल्लीत राहू सांगायचा, हा धंदा दीड हजार वर्षं चालला. ब्रह्मगुप्तासारख्या मोठ्या गणितीनं सुद्धा राहू नाकारणाऱ्यांना धर्माच्या नावानं फटकारलं. अल्बेरूनी हजार वर्षांपूर्वी इकडं आला, त्यानंही ह्या दुटप्पीपणाची नोंद करून ठेवलीय.

म्हणजे ज्ञान होतं. पण ते कुलूपबंद होतं. किल्ली एकाच घरात. आणि कुलपाच्या बाहेर आपली आजी पाटी घेऊन उभी.

पुण्यात ते कुलूप पहिल्यांदा फुटलं ते जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत. त्याच शाळेतली मांगाची पोर मुक्ता. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तेव्हा ती चौदा वर्षांची. मुक्ताच्या निबंधानंतर तेहतीस वर्षांनी, १८८८ साली, त्याच पुण्यात सूर्य-ताऱ्यांचा उजेड तपासणारी वेधशाळा उभी राहिली. दोन्ही गोष्टी एका गावातल्या. पण मुक्ताच्या वस्तीतून त्या वेधशाळेच्या पायरीपर्यंत रस्ता कुणी बांधला नाही. हे मनात ठेवून पुढचं वाचा.

०

नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे. १८७८ मध्ये पदार्थविज्ञान आणि रसायन घेऊन एम. ए. झाले, कुलपतींचं पदक मिळवलं. मग तिथंच शिकवायला लागले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांनी पाच हजार रुपये दिले. सरकारनं तेवढ्यालाच जोड दिली. कशासाठी? उजेड तपासायची प्रयोगशाळा काढायला.

उजेड तपासायचा म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. काचेच्या लोलकातून ऊन सोडलं की सात रंगांचा पट्टा पडतो. तो पट्टा खूप ताणून बघितला तर त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात, शेकडोनं. फ्राउनहोफर नावाच्या जर्मन कारागिरानं १८१४ च्या सुमाराला त्या मोजून मांडल्या. हा माणूस काचकाम करणाऱ्याचा पोर. बाप लहानपणीच गेला, कारखान्यात उमेदवारी करून वर आलेला. पुढं कळलं की प्रत्येक मूलद्रव्याची रेघ ठरलेली असते. लोखंडाच्या रेघा वेगळ्या, मिठातल्या सोडियमच्या वेगळ्या. आपल्या गिरणीत सुताच्या पोतावरून मुरलेला कामगार सांगतो ना, हा कापूस कुठला, तसंच. उजेड आला की त्यावरून सांगता येतं, तो कशातून निघाला. सूर्यावर जायची गरज नाही. सूर्य रोज आपल्या दारात येऊन स्वतःची जात सांगून जातो. आणि ती जात सगळ्यांची एकच निघते. जे लोखंड सूर्यात, तेच आपल्या रक्तात.

१८८४ च्या सुमाराला नायगमवाला विलायतेला गेले. तिथं नॉर्मन लॉकियर ह्या सूर्याच्या मोठ्या अभ्यासकाचा सल्ला घेतला. तेव्हा नुसत्या प्रयोगशाळेऐवजी पुरी वेधशाळाच काढायचं ठरलं. पुढं त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सला झाली, म्हणजे पुढच्या काळातलं सी. ओ. ई. पी. तिथंच वेधशाळा बांधली. नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. डब्लिनच्या ग्रब कारखान्याची दुर्बीण, पुढं तिचा आरसा वीस इंची. त्या काळी देशातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणींत तिची गणना. भारतातले पहिले खगोलभौतिकशास्त्रज्ञ म्हणून नायगमवालांचं नाव घेतात. म्हणजे तारे कुठं आहेत एवढंच न बघता, तारे कशाचे बनलेत हे बघणारे.

त्यांच्या कामातली एक गोष्ट मला फार आवडली. मृग नक्षत्रात एक तेजोमेघ आहे. त्याच्या उजेडात एक ठळक हिरवी रेघ दिसायची. लॉकियरचं म्हणणं, ती मॅग्नेशियमशी जुळते. लॉकियर म्हणजे ज्यांच्या सल्ल्यानं वेधशाळा उभी राहिली ते. मोठं नाव. राज्यकर्त्यांच्या देशातलं. नायगमवालांनी पुण्यातून ती रेघ तपासली आणि १८९१ च्या सुमाराला लिहून कळवलं की रेघ बारीक आणि स्वच्छ दिसते. मॅग्नेशियमची असती तर तशी दिसली नसती. म्हणजे गुरूचं म्हणणं टिकत नाही. पुढं १९२७ साली बोवेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की ती रेघ प्राणवायूची, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची.

ज्याचा सल्ला घेतला त्याचंच म्हणणं खोडायचं, ते पण रेघ दाखवून. शिवी देऊन नाही. आपल्या बैठकांत हे किती वेळा होतं? आपल्यात मतभेद झाला की गट फुटतो. रेघ कुणी दाखवत नाही.

०

आता १८९८ सालाकडं येऊ. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं. सावलीचा पट्टा कोकणात विजयदुर्गाला किनाऱ्यावर चढला, देशावर आला, सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात जेऊरवरून गेला, आपल्या मराठवाड्यावरून सरकत वऱ्हाडात पोचला आणि पुढं बिहारकडं निघाला. आपलं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, त्या पट्ट्याच्या बाहेर राहिलं. इथं सूर्य पुरता झाकला नाही.

जेऊर हे पुणे-सोलापूर रेल्वेवरचं लहान ठेसन. नायगमवालांनी तिथं तळ दिला. जवळच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. चाळीस फूट! आमच्या खात्याची रुंदी तेवढी. असला कॅमेरा सूर्याकडं तोंड करून उभा करायचा म्हणजे माती उकरावी लागते, दगड रचावे लागतात. ते दगड उचलणारे हात कुणाचे असतील हे तुम्हाआम्हाला सांगायला नको.

हे सगळं किती वेळासाठी? दोन मिनिटं. जेमतेम दोन मिनिटं सूर्य पुरता झाकला गेला. त्या दोन मिनिटांत त्याच्या भोवतीचं प्रभामंडल दिसतं, एरवी सूर्याच्या झगझगाटात ते बुडून जातं. आणि सूर्य झाकला जायच्या अगदी क्षणाला एक चमत्कारिक गोष्ट होते. त्या काळ्या रेघा एका झटक्यात उजळ होतात. दोन-चार सेकंद. मग गेल्या. तेवढ्यात फोटोची काच बसवायची, उघडायची, बंद करायची. चुकलात तर पुन्हा संधी कधी? एकाच जागेवर खग्रास ग्रहण सरासरीनं साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांनी येतं. म्हणून असे लोक आधी महिनाभर तालीम करतात. कुणी काय उचलायचं, कुणी सेकंद मोजायचे, सगळं ठरलेलं. मोर्चाची तयारी अशी केली तर आपला एकही मोर्चा फसणार नाही.

नायगमवालांनी जेऊरच्या कामाचा अहवाल लिहिला, तो १९०२ मध्ये छापला. काय पाहिलं, कोणत्या यंत्रानं पाहिलं, सगळं नोंदवलेलं. म्हणून सव्वाशे वर्षांनी मी, एक गिरणीकामगार, त्यांच्याविषयी लिहू शकतो. माझ्या पणजीनं गिराणात किती गल्ल्या हिंडल्या ते कुणी नोंदवलं नाही. ते आजीच्या तोंडात होतं. आजी गेली की तेही जाणार होतं. आता तुमच्या हातात आहे.

आणि त्या वर्षाचं एक विसरू नका. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला सावित्रीमाई गेल्या. त्यानंतर दहा महिन्यांनी हे ग्रहण. जेऊरच्या माळावर जेव्हा सेकंद मोजले जात होते, तेव्हा गावोगावच्या महारवाड्या-मांगवाड्यांतून पाट्या घेऊन बाया निघाल्या असतील. एकच सावली. तिच्याखाली एकीकडं काच नि यंत्र, दुसरीकडं पाटी. दोघांच्या मध्ये मैल-दोन मैलांचं अंतर. आणि दीड हजार वर्षांचं.

०

सरकारला सूर्यात एवढा रस का? विद्येच्या प्रेमापोटी? थोडंफार. पण दुसरं कारण दुष्काळ. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनवर आणि मद्रासकडं कोसळला, लाखो माणसं मेली. त्या सुमाराला लॉकियर आणि हंटर ह्या दोघांनी मांडलं की सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांनी वाढतात-घटतात, त्याचा पावसाशी नि दुष्काळाशी संबंध असावा. दुष्काळ आयोगानंही सूर्याच्या अभ्यासाचा आग्रह धरला. त्यातून पुढं तमिळनाडूच्या डोंगरावर कोडाईकनालची सूर्य-वेधशाळा १८९९ साली निघाली.

डागांवरून दुष्काळ सांगता येईल ही आशा खरी ठरली नाही. पण बघा, सूर्यावर डाग शोधणं सोपं वाटलं. धान्य रेल्वेनं बाहेर का जातंय, सारा का माफ होत नाही, हे बघायला दुर्बीण लागत नव्हती. तिकडं कुणी तोंड वळवलं नाही. विज्ञान खोटं नसतं. पण त्याला प्रश्न कोण विचारतो, त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. म्हणून प्रश्न विचारणारे आपले पाहिजेत.

०

आता एक कडू गोष्ट. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. सांगतात की १८६८ च्या ग्रहणात लॉकियरनं तिथून हेलियम वायूचा शोध लावला. भाषणांत, वर्तमानपत्रांत हे येतं. महाराष्ट्राला अभिमान वाटतो. पण हे खरं नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच जान्सन गुंटूरला होते, लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या उजेडात ती पिवळी रेघ पाहिली. त्या द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं. पृथ्वीवर तो वायू १८९५ साली रॅम्सेला सापडला. लॉकियर विजयदुर्गाला आले ते १८९८ च्या ग्रहणाला. कट्टे असतील तर त्या वेळचे.

तुम्ही म्हणाल, तीस वर्षांचा फरक, त्यानं काय बिघडतं? बिघडतं. आपण भटा-ब्राह्मणांची पुराणं खोटी म्हणतो, मग आपल्या अभिमानाच्या गोष्टी पण तपासल्या पाहिजेत. आपल्या पत्रकांत, आपल्या भाषणांत किती तारखा नि किती वाक्यं अशी तोंडातोंडी आलेली असतात? बाबासाहेबांच्या तोंडी कुणीही काहीही घालतं, आपण टाळ्या वाजवतो. त्या माणसानं प्रत्येक पानाला पुरावा दिला. त्यांचं नाव घेऊन पुरावा नसलेलं छापणं हे नवं गिराणच.

०

वऱ्हाडात तळणी गावाजवळ त्याच १८९८ च्या ग्रहणाला अ‍ॅनी माँडर नावाची बाई आली होती. तिनं प्रभामंडलाचा एक लांबच लांब झोत फोटोत पकडला, तोवर एवढा लांब कुणी पकडला नव्हता. ही बाई ग्रिनिचच्या वेधशाळेत आकडेमोडीच्या नोकरीवर होती. १८९५ मध्ये लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईला ती नोकरी ठेवता येत नव्हती. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं बायांना १९१६ पर्यंत सभासद करून घेतलं नाही. विलायतेतही दारं बंद होतीच. फक्त कुलूप वेगळं.

आणि आपल्या देशातला मेघनाद साहा. १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात जन्मला. बापाचं किरकोळ दुकान. खालच्या मानलेल्या जातीत जन्म. दुसऱ्याच्या घरी राहून शाळा शिकला. कलकत्त्याच्या वसतिगृहात वरच्या जातीच्या पोरांनी त्याला पंक्तीला बसू दिलं नाही, सरस्वतीच्या पूजेला येऊ दिलं नाही. सरस्वतीनं त्याचं काही अडवलं नाही. १९२० साली त्यानं सूर्याच्या वातावरणातल्या अणूंविषयी समीकरण मांडलं. उष्णता आणि दाब किती असला की कुठला अणू किती इलेक्ट्रॉन गमावतो, ते त्यातून काढता येतं. नायगमवाला आणि बाकीच्यांनी पन्नास वर्षं रेघा जमवल्या होत्या. त्या रेघा वाचायची बाराखडी साहानं दिली. आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात ताऱ्यांविषयी शिकायचं तर साहाचं समीकरण शिकावं लागतं. ज्याला पंक्तीतून उठवलं, त्याच्या पंक्तीला आता सगळं जग बसतं.

०

शेवट नायगमवालांचा. तो ऐकून मला झोप आली नाही.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले. आणि वेधशाळा बंद झाली. पुण्याहून यंत्रं कोडाईकनालला गेली, दुर्बीणही गेली. चोवीस वर्षांचा संसार पेट्यांत भरून गेला. माणूस गेला की काम थांबलं. महाराजांची देणगी होती, सरकारची कृपा होती, एका माणसाची जिद्द होती. पण हाताखाली दुसरा उभा केलेला नव्हता, पाठीशी समाज नव्हता. ज्या गावात वेधशाळा, त्या गावाला ती आपली वाटत नव्हती. निघाली तेव्हा गाव रडलं नाही, बंद झाली तेव्हाही नाही.

आता आपल्याकडं बघा. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९५० साली आपल्या गावात, नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. ते निजामाच्या राज्यातून नुकतं सुटलेलं मराठवाडा, इथं आपल्या पोरांना शाळा माहीत नव्हती, कॉलेज तर लांबच. १९५६ ला बाबासाहेब गेले. कॉलेज थांबलं नाही. का? कारण ते एका माणसाच्या जिद्दीवर उभं असलं तरी एका माणसासाठी नव्हतं. माझ्या आजीनं पाटी टाकून दिली ती पण त्याच वर्षी. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या वस्तीत ठरलं, मेलेलं ओढायचं नाही, गिराण मागायचं नाही. आजी म्हणते, "पुढच्या गिराणाला गल्लीतले लोक वाट बघत बसले. कुणी गेलंच नाही. अन् सूर्य सुटला की आपोआप!"

ह्यापेक्षा मोठा वैज्ञानिक प्रयोग मी कुठल्या अहवालात वाचलेला नाही. दान न घेता गिराण सुटतं का, ते आपल्या लोकांनी करून बघितलं. सुटतं.

०

मग आता काय? पुण्यात १९८८ साली, नायगमवालांच्या वेधशाळेला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, आयुका ही संस्था निघाली. तिथं सूर्याची अतिनील दुर्बीण घडवली गेली. २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य एल-१ हे यान सुटलं, त्यावर ती बसलेली. ६ जानेवारी २०२४ ला ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आपल्या जागी पोचलं. त्याच यानावर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं केलेलं दुसरं यंत्र आहे, ते तबकडीनं सूर्य झाकून प्रभामंडल बघतं. म्हणजे बारा महिने गिराण, माणसानं केलेलं. ही बंगळूरची संस्था कोडाईकनालच्याच वंशातली. पुण्याहून पेट्यांत गेलेलं ज्ञान असं फिरून आलं. जेऊरला दोन मिनिटांसाठी महिनाभर मेहनत घेतली, ते आता रोज दिसतं.

एक कोडं पण सांगतो. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश. त्याच्या बाहेरचं प्रभामंडल मात्र दहा लाख अंशांच्या वर. चुलीपासून लांब जावं तसं गरम व्हावं, असं. १८६९ मध्ये प्रभामंडलात एक हिरवी रेघ सापडली होती, लोकांना वाटलं नवंच द्रव्य. १९४० च्या सुमाराला कळलं की ते आपलं साधं लोखंड, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. एवढं नागडं व्हायला लाखो अंश उष्णता लागते. ती कुठून येते, ह्याचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही. शास्त्रज्ञ झगडतायत. त्या झगड्यात आपल्या वस्तीतलं एखादं पोर का नसावं?

२ ऑगस्ट २०२७ ला ग्रहण आहे. इजिप्तकडं खग्रास, आपल्याकडं खंडग्रास, तेही दुपारनंतर. पावसाळा आहे, ढग असतील. तरी तयारी करा. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडं बघू नका, डोळे कायमचे जातात, तिथं क्रांती कामाला येत नाही. पुठ्ठ्याला खिळ्यानं भोक पाडा. सूर्याकडं पाठ करा. समोरच्या भिंतीवर गोल पाडा. वस्तीतली लेकरं बोलवा. पोटुशी बाई असेल तिला खोलीत कोंडू नका, तिला पण बोलवा. पट्टी द्या पोरांच्या हातात, गोल मोजायला लावा. वहीत लिहा : तारीख, वेळ, कुणी मोजलं, किती आलं. नावं लिहा. आपल्या माणसांची नावं.

मी त्या दिवशी आजीला बाजेवर अंगणात बसवणार आहे. तिच्या हातात पुठ्ठा देणार आहे. जी पाटी घेऊन सूर्य सोडवायला हिंडली, तिच्या तळहातावर मला सूर्य उतरवायचाय. वसुली म्हणून.

जयभीम.